साचा की लगाम? प्रथिनांच्या जेलमध्ये घडणारे नॅनोपदार्थ

माणसाच्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ म्हणजे दातावरचं इनॅमल. पूर्ण तयार झालेल्या इनॅमलमध्ये वजनाने ९५ टक्क्यांच्या आसपास खनिज असतं. प्रथिन शोधायला गेलं तर जेमतेम एखादा टक्का सापडतं. पण दात हिरडीच्या आत घडत असताना हाच थर मऊ असतो आणि त्यात प्रथिन आणि पाणी मिळून खनिजाहून कितीतरी जास्त असतं. हे जेल मुख्यतः अमेलोजेनिन नावाच्या प्रथिनाचं. त्यात हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचे नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील इतके बारीक धागे एकमेकांना समांतर लांबत जातात. मग पेशी विकरं सोडतात, ती जेलचे तुकडे करतात, तुकडे शोषले जातात आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्फटिक जाडीने वाढून एकमेकांना भिडतात.

इतका शिस्तीतला पदार्थ शरीराच्या तापमानाला, पाण्यात, कुठलीही भट्टी न पेटवता तयार होतो, ही गोष्ट पदार्थशास्त्रज्ञांना खुणावत राहिली यात नवल नाही. १ ते १०० नॅनोमीटरच्या घरातली रचना हवी असेल (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तर एरवी निर्वात कक्ष, शेकडो अंश तापमान किंवा चिप बनवण्याच्या कारखान्यातली महागडी यंत्रं लागतात. त्याऐवजी जिलेटिन, अंड्यातलं पांढरं, दुधातली प्रथिनं किंवा रेशीम यांचं जेल करायचं, त्याच्या जाळीत धातूचे किंवा खनिजाचे आयन सोडायचे, तिथेच त्यांना घन होऊ द्यायचं आणि हवं तर शेवटी प्रथिन जाळून, धुऊन किंवा विकराने पचवून काढून टाकायचं. योजना एवढीच. तिच्यावर गेल्या तीसेक वर्षांत शोधनिबंधांचा ढीग जमला आहे.

त्या ढिगात बहुतेक ठिकाणी जेलला साचा मानलेलं असतं. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या साच्यात माती दाबली की साच्याचा आकार मातीला येतो. तसाच जाळीतल्या पोकळ्यांचा आकार नॅनोकणांना येतो, असं गृहीत धरलेलं असतं. मला हे चित्र निम्मंच खरं वाटतं. चांगल्या उदाहरणांकडे नीट पाहिलं तर जेल आकार देण्यापेक्षा घाईला आवर घालण्याचं काम जास्त करतं. आयन कुठून आणि किती वेगाने येतील, पहिला कण कधी जमेल, जमलेला कण किती वाढेल, हे त्याच्या हातात असतं. जिथे हा लगाम नसतो तिथे जाळी कितीही सुबक असली तरी हाती भुकटीच येते.

प्रथिनांचं जेल आपल्या स्वयंपाकघरात नेहमीचं आहे. खरवस वाफवताना चिकातली प्रथिनं उष्णतेने उलगडतात, एकमेकांना चिकटतात आणि पाणी धरून ठेवणारी जाळी तयार होते. उकडलेलं अंडं याच वाटेने घट्ट होतं आणि पुन्हा पातळ होत नाही. दह्यात तेच काम आम्ल करतं. जिलेटिनची तऱ्हा निराळी. हाडं आणि कातडी यांतल्या कोलॅजेनपासून ते काढतात. गरम पाण्यात त्याच्या साखळ्या सुट्या फिरतात, पाणी निवलं की जागोजागी पुन्हा तिपेडी गोफ वळतात आणि गरम केलं की सुटतात. अशा जाळीतून साध्या क्षारांचे आयन फारशी अडचण न येता सरकतात, पण पाणी ढवळलं जात नाही आणि जमलेले कण एकमेकांवर जाऊन आदळत नाहीत. शिवाय प्रथिनाच्या साखळीवर कार्बोक्सिल, अमाइन आणि गंधक असलेले गट असतात, त्यांना धातूचे आयन धरून बसतात. सिलिकाच्या जेलमध्ये जाळी असते, पण एवढ्या तऱ्हेचे हात नसतात.

या क्षेत्राचा इतिहास सांगताना लेखक सहसा १९९०च्या दशकापासून सुरुवात करतात. मला ते अन्यायाचं वाटतं. प्रथिनाच्या जेलमध्ये हव्या त्या आकाराचे कण घडवण्याचा सगळ्यात मोठा उद्योग त्याच्या शंभर वर्षं आधी उभा राहिला होता आणि विसाव्या शतकभर चालला. तो म्हणजे छायाचित्रणाच्या फिल्मचा. रिचर्ड लीच मॅडॉक्स हा इंग्रज डॉक्टर हौशी छायाचित्रकार होता. त्या वेळच्या कलोडियनच्या काचांतून निघणाऱ्या ईथरच्या वाफांनी त्याची तब्येत बिघडत होती, म्हणून तो पर्यायाच्या शोधात होता. १८७१ मध्ये त्याने जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइड घडवून पाहिल्याचं प्रसिद्ध केलं आणि पुढच्या दहा वर्षांत कलोडियन मागे पडलं.

फिल्मचा हा लेप कसा तयार होतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. अंधाऱ्या खोलीत कोमट जिलेटिनमध्ये पोटॅशियम ब्रोमाइड विरघळवलेलं असतं. त्यात सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण बारीक धारेने सोडतात. साध्या पाण्यात हेच केलं तर फिकट पिवळसर साका होऊन तळाला बसतो. इथे मात्र कण जन्मल्याबरोबर त्याच्या पृष्ठभागाला जिलेटिनच्या साखळ्या चिकटतात आणि कण सुटे राहतात. मग मिश्रण गरम ठेवून कण पिकू देतात. लहान कण विरघळतात आणि मोठे त्यांच्या जिवावर वाढतात. हवा तेवढा आकार आला की मिश्रण थंड करून जेल गोठवायचं, त्याच्या शेवया पाडायच्या, गार पाण्यात धुऊन पोटॅशियम नायट्रेट काढून टाकायचं आणि पुन्हा वितळवून काचेवर किंवा फिल्मवर पातळ थर द्यायचा. कण मोठे तर फिल्म जलद आणि चित्र रवाळ. कण बारीक तर फिल्म मंद आणि चित्र तलम. यात जिलेटिनच्या भोकाचा आकार कुठेच उमटलेला नाही. कण पिकतात तेव्हा तर ते जेल नसून पातळ द्रावणच असतं. त्याने केलं ते एवढंच, की कणांना एकमेकांत मिसळू दिलं नाही, वाढीला वेसण घातली आणि थंड झाल्यावर जिथल्या तिथे खिळवून ठेवलं.

याच वाटेवर गाब्रिएल लिपमनने १८९१ मध्ये जे करून दाखवलं ते आजच्या भाषेत सरळ नॅनोतंत्रज्ञानच आहे. त्याला असा लेप हवा होता की ज्यातले कण प्रकाशाच्या लहरीपेक्षा खूपच लहान असतील. लिपमन पद्धतीच्या लेपात सिल्व्हर हॅलाइडचे कण ५० नॅनोमीटरहूनही बारीक असतात. अशा काचेमागे पारा ठेवून चित्र घेतलं की आत येणारा आणि पाऱ्यावरून परतणारा प्रकाश मिळून स्थिर लहरी तयार होतात आणि त्यांच्या शिखरांवर चांदीचे थर जमतात. ६०० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशासाठी जिलेटिनमध्ये या थरांमधलं अंतर सुमारे २०० नॅनोमीटर पडतं. पुढे पांढऱ्या उजेडात ती काच पाहिली की थर तोच रंग परत पाठवतात, तेही एकही रंगद्रव्य न वापरता. १९०८ चं भौतिकीचं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. प्रथिनाच्या जेलमध्ये नॅनोमीटरच्या अचूकतेने रचलेला धातू अजूनही संग्रहालयांतल्या त्या काचांवर बघायला मिळतो.

फिल्म उद्योगाने आणखी एक धडा घालून दिला, तो पुढच्या पिढीने पुरेसा गिरवला नाही. एकाच कृतीने केलेला लेप एका खेपेच्या जिलेटिनवर झकास जमायचा आणि दुसऱ्या खेपेवर मंद पडायचा. १९२०च्या दशकात कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्डने याचा छडा लावला. जिलेटिनमध्ये गंधकाच्या काही संयुगांचा अंश असतो, मोहरीच्या तेलाला झणका देणारं आयसोथायोसायनेट त्यातलंच, आणि ते गुरांनी खाल्लेल्या मोहरीच्या जातीच्या वनस्पतींतून येतं. त्यातल्या गंधकामुळे सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणावर सिल्व्हर सल्फाइडचे अतिसूक्ष्म ठिपके पडतात आणि कण प्रकाशाला जास्त दाद देतो. गाय काय चरली यावर फिल्मची गती ठरत होती! फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ची फिल्म धुतली तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे कारखान्यांनी शुद्ध केलेलं, निष्क्रिय जिलेटिन घेऊन त्यात गंधकाचं संयुग मोजून घालायला सुरुवात केली. नैसर्गिक प्रथिनावर उभा राहिलेला धंदा टिकवायचा तर आधी प्रथिनातला बेभरवसा काढावा लागतो.

जिलेटिनची ही पकड किती चिवट असते याला मापही आहे. रिचर्ड झिग्मंडीने काढलेला सुवर्णांक आपल्याकडे बारावीच्या रसायनशास्त्रात शिकवत आले आहेत. १० मिलिलिटर तांबड्या सुवर्णद्रावात १० टक्के मिठाचं १ मिलिलिटर पाणी घातलं की सोन्याचे कण एकवटून रंग निळा पडतो. तो पडू नये म्हणून किती मिलिग्रॅम संरक्षक पदार्थ लागतो, तो त्याचा सुवर्णांक. बटाट्याच्या स्टार्चला सुमारे २५ मिलिग्रॅम लागतात, जिलेटिनला ०.००५ ते ०.०१.

आता एक प्रयोग, कोणत्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत करता येण्याजोगा. काचेवर पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनचा पातळ थर द्यायचा, तो गोठला की मधोमध सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब ठेवायचा आणि थांबायचं. काही तासांत थेंबाभोवती सिल्व्हर डायक्रोमेटचं तांबूस कडं उमटतं. मग मोकळी जागा. मग दुसरं कडं, थोडं लांब. मग तिसरं, आणखी लांब. १८९६ मध्ये राफाएल लिझेगांगने हे पाहिलं. त्याच्या घरचा व्यवसाय छायाचित्रणाच्या साहित्याचा होता, म्हणून जिलेटिन आणि सिल्व्हर नायट्रेट हाताशीच होतं. रसायनशास्त्रज्ञ ऑस्टवाल्डने लगेच खुलासा दिला. चांदीचे आयन पसरत जातात, पण साका लगेच पडत नाही. द्रावण अतिसंपृक्त होत होत मर्यादेपलीकडे गेलं की एकदम पडतो. पडताना आजूबाजूचं डायक्रोमेट ओढून घेतो, त्यामुळे शेजारची जागा कोरडी राहते आणि चांदीला पुढे सरकावं लागतं. सगळ्या गोष्टी या खुलाशात बसल्या नाहीत. १९२०च्या दशकात अलाहाबादला नीलरतन धर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळा सिद्धान्त मांडला, की साका आधी कलिल रूपात, म्हणजे न बसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपात असतो आणि नंतर गोठून कडी दिसू लागतात. वाद पुढे बराच रंगला. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की जिलेटिनच्या जाळीत कडी कुठेच कोरलेली नाहीत. विसरणाचा वेग आणि साका पडण्याला लागणारा उशीर या दोघांनी मिळून ती आखली.

इनॅमलकडे पुन्हा पाहिलं की हेच दिसतं. अमेलोजेनिनचे रेणू एकत्र येऊन सुमारे २० नॅनोमीटरचे गोळे होतात, हे १९९०च्या दशकाच्या मध्याला समोर आलं, तेव्हा या गोळ्यांच्या रांगा म्हणजेच स्फटिकांचा साचा, असं चित्र रंगवलं गेलं. नंतर अमेलोजेनिनचा जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले. त्यांच्या दातांवर इनॅमल पातळ आणि विस्कळीत होतं, पण खनिज होतंच. म्हणजे खनिज सुरू करायला हे जेल लागत नाही. त्याला शिस्त लावायला, धागे एकमेकांपासून दूर ठेवायला लागतं. आणि जेल वेळेवर जाणंही तितकंच आवश्यक. एमएमपी-२० आणि केएलके-४ ही दोन विकरं जेल कापून काढतात. त्यांच्या जनुकांत बिघाड असलेल्या माणसांत प्रथिन मागे राहतं, स्फटिकांना जाड व्हायला जागा मिळत नाही आणि दात किडका नसतानाही इनॅमल मऊ राहून झिजतं. प्रयोगशाळेत भट्टीत जाळून प्रथिन एका दमात उडवलं जातं. शरीर ते टप्प्याटप्प्याने काढतं आणि प्रत्येक टप्प्याला स्फटिकाला थोडी थोडी जागा देतं. हा फरक बहुतेक निबंधांत एका वाक्यात उरकलेला असतो.

दाताच्या खनिजाचाच भाऊ म्हणावा असा फ्लोरअ‍ॅपेटाइट जर्मनीत रुडिगर क्नीप आणि सुझान बुश यांनी जिलेटिनमध्ये वाढवला. त्यांचं पहिलं काम १९९६ मध्ये आलं. नळीच्या मध्यभागी जिलेटिन, एका बाजूने कॅल्शियमचं द्रावण, दुसऱ्या बाजूने फॉस्फेट आणि फ्लोराइडचं. दोन्ही मंद गतीने आत सरकतात आणि मध्ये भेटतात. आधी सहा बाजूंची छोटी कांडी तयार होते. मग तिची दोन्ही टोकं फाटून फांद्या फुटतात, आकार डंबेलसारखा होतो, फांद्या मागे वळत जातात आणि शेवटी कमरेला खाच असलेला गोळा होतो. या सगळ्यात जिलेटिन वजनाने दोन-अडीच टक्केच, पण खनिजाच्या आत पद्धतशीर गुंफलेलं. त्या गुंफणीमुळे कांडीत विद्युतक्षेत्र तयार होतं आणि फांद्या त्याच्या रेषांनी वळतात, असं या गटाने मांडलं. माझ्या मते या क्षेत्रातलं हे सगळ्यात देखणं काम आहे, आणि त्याचा अजून कशासाठीही औद्योगिक उपयोग झालेला नाही, याने त्याची किंमत मला तरी कमी वाटत नाही.

शिंपल्यांनी हाच धंदा कोट्यवधी वर्षं चालवला आहे. मोत्याच्या शिंपल्याच्या आतला चमकदार थर अ‍ॅरागोनाइटच्या चकत्यांचा असतो, प्रत्येक चकती अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास जाड. चकत्यांमध्ये कायटिनचे पडदे असतात. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत लिया अडाडी आणि स्टीव्ह वायनर यांच्या गटाने २००१ मध्ये ओल्या अवस्थेतच गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. रेशमासारखं प्रथिन तिथे पापुद्र्याच्या रूपात दिसेना. त्यावरून त्यांनी मांडलं, की खनिज येण्याआधी पडद्यांमधली जागा रेशमाच्या जेलने भरलेली असते. त्याच गटाने १९९६ मध्ये आणखी मार्मिक गोष्ट दाखवली होती. कायटिन आणि रेशीम यांची चौकट तीच ठेवली, पण शिंपल्याच्या अ‍ॅरागोनाइटच्या थरातून काढलेली विरघळणारी प्रथिनं घातली तर अ‍ॅरागोनाइट जमतो. कॅल्साइटच्या थरातली घातली तर कॅल्साइट, म्हणजे त्याच कॅल्शियम कार्बोनेटचं दुसरं स्फटिकरूप. चौकट एकच, फर्मान देणारे वेगळे.

गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी पातळ, पारभासी शिंपले बसवलेले दिसतात. तो प्राणी प्लाक्यूना प्लासेंटा. त्याच्या कवचात वजनाने ९९ टक्के कॅल्साइट आणि उरलेला एक टक्का सेंद्रिय पदार्थ. अमेरिकेतल्या एमआयटीत लिंग ली आणि क्रिस्टीन ऑर्टिझ यांनी २०१४ मध्ये याच शिंपल्याला टोचून पाहिलं. निव्वळ कॅल्साइट टोचल्यावर तडकतो. या कवचात मात्र सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीच्या थरांमध्ये बारीक बारीक विकृती पसरते आणि आघाताची ऊर्जा दसपट जास्त जिरते, तडा लांब जात नाही. ऐंशी टक्के उजेड तरीही आरपार येतो. एक टक्का सेंद्रिय पदार्थ एवढं करतो. तो कवचातून काढून टाकला असता तर साधा खडू उरला असता. साचा नेहमी काढायचाच असतो हे गृहीतक इथे कोसळतं.

हाडाबद्दल थोडक्यात. कोलॅजेनची तिपेडी रचना १९५४ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली, ही आपल्या विज्ञानातली अभिमानाची गोष्ट. कोलॅजेनच्या धाग्यात दर ६७ नॅनोमीटरला रचना पुन्हा येते आणि त्यात सुमारे ४० नॅनोमीटरच्या फटी असतात. या फटीच खनिजाचा साचा, असं अनेक वर्षं शिकवलं गेलं. पण नुसतं कोलॅजेन कॅल्शियम फॉस्फेटच्या द्रावणात बुडवलं तर स्फटिक धाग्याच्या बाहेरच जमतात. द्रावणात पॉलिअ‍ॅस्पार्टिक आम्लासारखा स्फटिकीकरण लांबवणारा पदार्थ घातला तर खनिज अजून विस्कळीत, ओघवत्या रूपात असतानाच धाग्यात शिरतं आणि आत गेल्यावर स्फटिक होतं. फ्लोरिडात लॉरी गॉवर आणि नंतर आइंटहोव्हनचा गट यांनी हे उलगडलं. म्हणजे आधी उशीर करणारा हवा, मग फटी कामाला येतात.

प्रयोगशाळेत नव्याने घडवलेल्या जेलांपैकी मला अ‍ॅमिलॉइड धाग्यांचं काम सर्वात आश्वासक वाटतं. अल्झायमरच्या रोगाशी नाव जोडलं गेलेले हे धागे. पण बरीचशी साधी प्रथिनंही आम्लात तापवली तर अशी गुंफली जातात. २००३ मध्ये तेल अवीवच्या मिताल रेचेस आणि एहुद गाझित यांनी फक्त दोन अमिनो आम्लांच्या साखळीच्या नळ्या केल्या, त्यांच्या आत चांदी भरली आणि विकराने नळी पचवून २० नॅनोमीटर जाडीच्या चांदीच्या तारा मोकळ्या केल्या. खरा साचा म्हणावा तर हा. त्याच वर्षी सुसान लिंडक्विस्ट यांच्या गटाने यीस्टच्या प्रथिनाच्या धाग्यांवर सोनं-चांदी चढवून वीज वाहून नेणाऱ्या तारा केल्या. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात राफाएले मेझेंगा यांनी दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन घेतलं. ते तीव्र आम्लात नव्वद अंशांना काही तास ठेवलं की काही नॅनोमीटर जाड आणि काही मायक्रोमीटर लांब धागे तयार होतात. ते सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात ठेवले. सोनं धाग्यांवर जमलं आणि जेल झालं. ते सुकवल्यावर २०१५ मध्ये जगापुढे आला तो सोन्याचा फेस. त्यात ९८ टक्के हवा, उरलेल्यापैकी चार हिस्से सोनं आणि एक हिस्सा दुधाचं प्रथिन. वीस कॅरट, आणि नेहमीच्या सोन्याच्या हजारपट हलका. सोन्याच्या कणांचा आकार बदलला की त्याचा रंग पिवळ्याऐवजी गडद तांबडा होतो.

‘सुकवल्यावर’ हा शब्द वर सहज लिहिला, पण बहुतेक जेल तिथेच मरतात. दहा नॅनोमीटर व्यासाच्या भोकातून पाणी आटत जातं तेव्हा पृष्ठताणामुळे भिंतींवर जवळजवळ २९० वातावरणांचा ताण येतो. जाळी चुरडते, आकसते, तडकते. त्यावर उपाय म्हणजे पाण्याच्या जागी आधी अल्कोहोल आणि मग द्रव कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि ३१ अंश आणि ७३ वातावरणांपलीकडे नेऊन सोडायचा, म्हणजे द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच उरत नाही. झुरिकचा फेस असाच सुकवला होता. पद्धत उत्तम, पण दाब सहन करणारी भांडी लागतात, आणि ‘स्वस्त, साधं, स्वयंपाकघरातलं प्रथिन’ या जाहिरातीतलं निम्मं पाणी तिथे आटतं.

अंड्यातल्या पांढऱ्याचा मार्ग जास्त रांगडा आहे. २००१ मध्ये संतनु धारा आणि पराग भार्गव यांनी सिरॅमिकची भुकटी अंड्याच्या पांढऱ्यात कालवून, साच्यात ओतून आणि तापवून घट्ट करायची पद्धत मांडली. बाजारातल्या विषारी मोनोमरांना हा सरळ आणि स्वस्त पर्याय होता. ते काम नॅनोचं नव्हतं आणि तसा दावाही नव्हता, म्हणून ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. त्यानंतर धातूंचे नायट्रेट पांढऱ्यात मिसळायचे, वाळवायचे आणि पाचशे-सहाशे अंशांना जाळून निकेल फेराइटसारखे नॅनोकण मिळवायचे, अशी एक लाटच आली. थायलंडमधल्या गटाने त्याची चांगली सुरुवात केली होती. पुढे दर धातूमागे एक निबंध असा रतीब सुरू झाला. यात प्रथिन जाळीपेक्षा इंधन म्हणूनच जास्त काम करतं. प्रिन्स्टनच्या क्रेग अर्नोल्ड यांनी २०२२ मध्ये उलट वाट घेतली. प्रथिन जाळून टाकण्याऐवजी तेच ठेवलं. पांढरं गोठवून वाळवलं आणि प्राणवायूविना ९०० अंशांना तापवलं. जो कार्बनचा सच्छिद्र फेस मिळाला तो समुद्राच्या पाण्यातलं मीठ आणि प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण मोठ्या प्रमाणात अडवतो. कल्पना त्यांना विभागाच्या बैठकीत सँडविचच्या पावाकडे बघताना सुचली म्हणे. कंटाळवाण्या बैठकांचा असाही उपयोग.

एकेकट्या प्रथिनाच्या रेणूत धातू घडवण्याची शाखा जेलच्या कुशीतच वाढली. २००९ मध्ये सिंगापूरला गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनमध्ये ३७ अंशांना सुमारे २५ अणूंचे सोन्याचे पुंजके तयार केले गेले. ते अतिनील दिव्याखाली लाल चमकतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) मुरली शास्त्री यांच्या गटाने बुरशीपासून आणि गवती चहाच्या अर्कापासून धातूचे कण मिळवले. २००४ मधले गवती चहाचे सोन्याचे त्रिकोण जगभर गाजले. त्या त्रिकोणांमागे प्रथिनांचा हात मुख्य नव्हता, पण त्या यशाने आपल्याकडे ‘हरित संश्लेषणा’ची दारं सताड उघडली आणि मग तुळस, कडुनिंब, शेवगा, जे हाती लागेल ते उकळून चांदीचे कण काढले गेले. कण मिळाले हे खरं. त्यांचा आकार कशाने ठरला, दुसऱ्या खेपेला तसाच मिळेल का, या प्रश्नांना अशा निबंधांत फारशी जागा मिळत नाही. शेपर्डची मोहरी इथे रोज भेटते.

मोजमापाचं जग जिलेटिनसाठी एकच आकडा वापरतं, तो ब्लूम. ६.६७ टक्क्यांचं जेल १० अंशांना सोळा-अठरा तास ठेवायचं आणि अर्धा इंच व्यासाचा दट्ट्या चार मिलिमीटर आत जायला किती ग्रॅम भार लागतो ते पाहायचं. कॅप्सूल आणि मिठाई बनवणाऱ्यांना ते पुरतं. नॅनोकण घडवणाऱ्याला साखळ्यांची लांबी, विद्युतभार, धातूंचा अंश, गंधक, सगळंच माहीत हवं. माशांच्या कातड्याचं जिलेटिन घेतलं तर गोठण्याचं तापमानच बदलतं. थंड समुद्रातल्या माशांचं जेल दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखालीच धरतं, म्हणजे मुंबईच्या हवेत ते द्रावणच राहणार.

हे सगळं ओलांडून बाजाराच्या सर्वात जवळ पोचलेलं काम पुन्हा मेझेंगांचंच आहे. चीज बनवताना उरणाऱ्या निवळीतल्या प्रथिनांचं जेल करून, ते वाळवून त्यांनी स्पंज केला. संगणकांचे वीस मदरबोर्ड घेऊन त्यातले धातू आम्लात विरघळवले आणि स्पंज त्यात बुडवला. सोन्याचे आयन बाकीच्या धातूंपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात स्पंजाला चिकटले. तो तापवून आणि वितळवून ४५० मिलिग्रॅमची गोळी मिळाली, ९१ टक्के सोनं आणि बाकी बहुतेक तांबं, म्हणजे बावीस कॅरट. कच्चा माल आणि ऊर्जा यांचा खर्च सोन्याच्या किमतीच्या पन्नासाव्या भागाइतका, असा त्यांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला हिशेब आहे.

आपल्याकडे हे करायचं तर निवळी कुठली, हा पहिला प्रश्न. पनीरवाल्यांकडे ती मुबलक असते, पण कामाची नाही. पनीरसाठी दूध आधी नव्वद अंशांच्या घरात तापवतात. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन तिथेच उलगडून केसिनला चिकटतं आणि पनीरबरोबर निघून जातं. हवी ती रेनेट घालून केलेल्या चीजची निवळी, आणि मंचरसारख्या ठिकाणी, जिथे चीज मोठ्या प्रमाणावर बनतं, तिथे तिची भुकटी व्यायामशाळांत जाणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी आधीच डब्यात भरली जाते. दुसरा प्रश्न आम्लाचा. मदरबोर्ड विरघळवल्यावर स्पंजाचं काम सुरू होतं. विरघळवण्याचं काम मुरादाबाद किंवा दिल्लीच्या सीलमपूरमध्ये उघड्या टबात, हातमोज्यांविना चालतं, आणि त्या टबापाशी प्रथिनाच्या जेलचा अजून काही उपयोग नाही.